थंडी पडली की झरा, ऊन पडलं की किनारा: फ्लोरिडातली हिवाळी गाडीसहल

पहिल्या खेपेला आमचं सगळं काटेकोर ठरलं होतं. नऊ दिवस, नऊ मुक्काम, सगळ्यांचे पैसे आगाऊ भरलेले, आणि तासातासाची नोंद असलेली एक्सेल शीट. पश्चिमेच्या क्रिस्टल रिव्हर गावाला पोचलो तेव्हा पारा ८२ फॅरनहाइटवर होता, जानेवारीत अंगाला घाम. ज्या खाडीत मॅनटींची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या अवाढव्य सस्तन प्राण्यांची, रीघ लागते असं ऐकलं होतं तिथे दोन दिसले, आणि तेही कसे, तर लांबवर पाण्याबाहेर आलेल्या नाकपुड्या. चार दिवसांनी थंडीची लाट आली. तेव्हा आम्ही पूर्व किनाऱ्यावर होतो. तोंडावर वाळू मारणारा वारा, आई-बाबा गाडीतून उतरायला तयार नाहीत, आणि दोन तासांच्या अंतरावर ब्लू स्प्रिंग नावाच्या झऱ्यात शेकड्यांनी मॅनटी जमलेले. पण पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले, त्यामुळे आम्ही मुकाट्याने शीटप्रमाणे पुढे गेलो.

त्यानंतर आणखी तीनदा ही सहल केली आणि एक नियम पक्का केला: आधी हवामान बघायचं, मग गाडी वळवायची. खाली जे सांगतोय ते सगळं या एका नियमाभोवती बांधलेलं आहे.

आधी पाण्याचं गणित

उत्तर आणि मध्य फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचा जाड थर आहे आणि त्या सच्छिद्र खडकात प्रचंड भूजल साठलेलं आहे. जिथे खडकाला भोक पडतं तिथे ते उसळून वर येतं. असे हजाराहून जास्त झरे या एका राज्यात आहेत. 'झरा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कातळातून झिरपणारी करंगळीएवढी धार येते. इथे पहिल्या प्रतीचा झरा म्हणवून घ्यायचं तर सेकंदाला १०० घनफूट पाणी लागतं, म्हणजे दिवसाला साडेसहा कोटी गॅलन. उगमापासूनच नदी सुरू होते म्हणा ना.

हे पाणी जमिनीखालून येत असल्याने बाराही महिने एकाच तापमानाचं असतं: बहुतेक ठिकाणी ७२ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सिअस, आणि टॅलहासीच्या बाजूला त्याहून थोडं कमी. उन्हाळ्यात ते गार लागतं, हिवाळ्यात कोमट.

मॅनटी हा दहा फूट लांब, हजारेक पौंड वजनाचा सस्तन प्राणी. देह एवढा अवाढव्य, पण अंगावर चरबी बेताची. पाणी ६८ फॅरनहाइटच्या, म्हणजे २० सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला थंडी बाधते आणि ती लांबली तर जीवही जातो. म्हणून नदी आणि समुद्र गार झाले की ते झऱ्यांकडे धाव घेतात आणि बाहेर ऊबदार झालं की चरायला परत जातात. मॅनटी बघायचा तर थंडी हवी, आणि किनाऱ्यावर पक्षी बघत निवांत फिरायचं तर ऊन हवं. दोन्ही एकाच दिवशी मिळत नाहीत.

कधी निघायचं

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही जानेवारी सगळ्यात खात्रीचा. ख्रिसमस ते नववर्षाचा आठवडा टाळा, आणि जमलं तर जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारची मार्टिन लूथर किंग सुट्टीही.

थंडीची लाट येण्याची एक ठरलेली चाल असते. आदल्या दिवशी दक्षिणेकडून दमट, गरम वारा सुटतो, मग पावसाची एक सर येते, आणि ती गेली की वारा उत्तरेकडून वाहू लागतो आणि आकाश धुतल्यासारखं निळं होतं. पुढचे दोन-तीन दिवस पहाट कडाक्याची, मग हळूहळू परत ऊब. हवा एका रात्रीत गार होते, पण नदीचं पाणी गार व्हायला वेळ लागतो. म्हणून लाट आली त्याच सकाळी धावू नका. दुसरी आणि तिसरी सकाळ हमखास. अंदाज बघताना दिवसाच्या कमाल तापमानाकडे बघण्यापेक्षा रात्रीचं किमान आणि वाऱ्याची दिशा बघा.

आरक्षण: दोन खुंट आणि एक मोकळा दिवस

ऑरलँडोला विमानाने उतरून भाड्याची गाडी घ्या. तिथून पूर्वेला टायटसव्हिल साधारण ४० मैल, पश्चिमेला क्रिस्टल रिव्हर ९० मैल. हे दोन खुंट. दोन्हीकडे दोन-दोन रात्री राहायचं, पण आधी कुठे जायचं ते निघायच्या दोन दिवस आधी ठरवायचं. त्यासाठी दोन्ही क्रमांनी मोटेल आरक्षित करून ठेवा, फक्त फुकट रद्द होणारी. रद्द करायची मुदत कुणाची २४ तास असते, कुणाची ४८, तर कुणाची तीन दिवस. ती फोनच्या कॅलेंडरवर गजर लावून नोंदवा. आमचे एका मुक्कामाचे पैसे चाळीस मिनिटांच्या उशिरापायी गेलेत.

दोन खुंट झाले की चार-पाच दिवस उत्तरेची फेरी: सीडर की, मॅनटी स्प्रिंग्ज, वकुला, सेंट मार्क्स, गेन्सव्हिल. शेवटचा एक दिवस मोकळा. एकूण दहा दिवस धरा.

स्टेट पार्कमध्ये तंबू किंवा केबिन हवी असेल तर मात्र हा मोकळेपणा चालत नाही. फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाकीच्यांना १० महिने आधी नोंदणी खुली होते, आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार पटकन जातात. अधूनमधून रद्द झालेल्या जागा संध्याकाळी सापडतात. पण आई-बाबा बरोबर असतील तर त्या भरवशावर राहू नका.

पासचा हिशेब लोक डोळे झाकून करतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. स्टेट पार्क राज्याची. बहुतेक ठिकाणी एका गाडीला ४ ते ६ डॉलर, आणि केंद्राचा पास तिथे चालत नाही. नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज, म्हणजे आपल्या भाषेत अभयारण्यं, केंद्राची. मेरिट आयलंडला गाडीमागे १० डॉलर, सेंट मार्क्सला ५. २५ डॉलरचा डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्याचं चित्र असलेलं केंद्र सरकारचं तिकीट, घेतला तर सगळ्या रेफ्यूजचं प्रवेशशुल्क माफ होतं. तो १ जुलै ते ३० जूनपर्यंत चालतो आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा राखण्यासाठी जातात. फक्त या सहलीपुरतं बघितलं तर तो परवडत नाही, १५ डॉलरच्या जागी २५ जातात. मी तरी घेतो. दरवर्षी नवं चित्र असलेलं ते तिकीट लेकीच्या वहीत चिकटवायला मिळतं.

टोलबद्दल गाडी ताब्यात घेतानाच विचारा. ऑरलँडोहून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता टोलचा आहे, आणि भाड्याच्या गाड्यांवर टोलपेक्षा सेवाशुल्क जास्त लागतं. स्वतःचा सनपास, म्हणजे आपोआप टोल कापणारं यंत्र, असेल तर तो त्या गाडीच्या नंबरवर चढवा आणि गाडी परत केल्यावर आठवणीने काढा.

सामान

थोडक्यात सांगतो. कांद्यासारखे एकावर एक घालता येतील असे कपडे, कानटोपी, वाऱ्याला अडवणारं जाकीट. पहाटे ३५ फॅरनहाइट आणि दुपारी ७० हे इथे एकाच दिवशी होतं. ८ बाय ४२ ची दुर्बीण, माणशी एक, कारण एका दुर्बिणीवर संसार टिकत नाही. ध्रुवीकृत काचांचा गॉगल, म्हणजे पाण्यावरची चमक मरते आणि खालचं दिसतं. चहाचा मोठा थर्मास. नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवा, पश्चिम किनाऱ्याला लांबलांब रेंज नसते. डास हिवाळ्यात कमी, पण ऊबदार संध्याकाळी खाजणीजवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या चिलटांचा थवा घेरतो. लांब बाह्या ठेवा.

थंडीची सकाळ: ब्लू स्प्रिंग

ऑरलँडोच्या उत्तरेला ऑरेंज सिटीजवळ. पार्क आठला उघडतं, पण थंडीच्या लाटेतल्या शनिवारी साडेसातला गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते. पार्किंग भरलं की गेट बंद होतं आणि गाड्या बाहेर पडतील तसं मग उघडतं. शक्यतो मधल्या वारी जा. निघण्याआधी त्या दिवशीचं सेंट जॉन्स नदीचं तापमान आणि मॅनटींची मोजणी बघा, रेंजर दोन्ही कळवतात. नदी ६८ च्या खाली असेल तर डोळे मिटून निघा. जानेवारी २०२४ मध्ये इथे एकाच दिवशी ९३२ मॅनटी मोजले गेले होते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत इथे पोहणं, कायाक, सगळं बंद. झरा पूर्ण त्यांचा. काठाने जेमतेम अर्ध्या किलोमीटरची लाकडी पायवाट आहे, जागोजागी बाक आहेत, गुडघेदुखीवाल्यांनाही झेपते.

सकाळी पाण्यावरून दाट वाफ निघत असते आणि सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग फुस्स असा आवाज येतो, डावीकडून, उजवीकडून, पायाखालून. श्वास सोडल्याचा तो आवाज. वाफ विरळ झाली की तळाशी राखाडी ओंडके रचल्यासारखे दिसतात, आणि मग एक ओंडका हलतो. कठड्याला रेलून एकाच मॅनटीकडे दहा मिनिटं बघा. तो न हलता, लिफ्टसारखा सरळ वर येतो, नाकपुड्यांच्या झडपा उघडतात, मिटतात, आणि तसाच खाली जातो. वल्ह्यासारख्या पुढच्या पायांना नखं दिसतील, हुबेहूब हत्तीसारखी. हत्ती त्यांचा जवळचा नातलगच आहे. पिलू आईच्या काखेत तोंड खुपसून असेल तर ते दूध पितंय. बहुतेकांच्या पाठीवर समांतर पांढरे वण असतात, बोटींच्या पंख्यांचे. अभ्यासक एकेका मॅनटीला त्या वणांवरून ओळखतात. माझी आई तेवढ्यासाठी उरलेला सगळा दिवस हळहळत होती.

उन्हाचा दिवस: मेरिट आयलंड आणि कॅनाव्हरल

वारा पडला, दुपारचं तापमान सत्तरीत गेलं की पूर्वेला. केनेडी स्पेस सेंटरच्या भोवतीची जमीन १९६३ साली अभयारण्य झाली. रॉकेटांसाठी घेतलेल्या मोकळ्या जागेचा फायदा पक्ष्यांनी उठवला. इथली मुख्य गंमत म्हणजे ब्लॅक पॉइंट वाइल्डलाइफ ड्राइव्ह: सात मैलांचा कच्चा, एकेरी रस्ता, दोन्ही बाजूंना उथळ पाणी. हे बांध मुळात डासांची पैदास रोखण्यासाठी घातले होते. आता त्यांच्या आड पाण्याची पातळी बदकांच्या सोयीने राखतात.

इथे गाडी हेच आपलं लपण. खिडक्या खाली, गाणी बंद, वेग चालण्याइतका. मागच्याला पुढे जायचं असेल तर बाजूला व्हा. पक्षी गाडीला बुजत नाहीत, दार उघडलं की उडतात. आम्हाला सात मैलांना पावणेतीन तास लागले, त्यात एक तास चमच्या जातीच्या एका गुलाबी पक्ष्यासाठी. टोकाला चमच्यासारखी चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत तो चालत होता, आणि मागून येणारं ऊन त्याच्या पंखांतून आरपार जात होतं.

मराठी नावं घेऊन गेलात तर निम्मे पक्षी ओळखीचे निघतात. तलवार बदक आणि थापट्या अगदी तेच, जे आपल्याकडच्या धरणांवर येतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी इथे अमेरिकन असतो, पण बुक्का-गंध लावून निघाल्यासारखा तसाच थव्याने दिंडी करतो. पाण्यात मान तेवढी वर काढून फिरणारा तिरंदाजाचा भाऊ, विजेच्या खांबावर मासा सोलत बसलेला कैकर, वाळूच्या काठी पाणचिऱ्यांचा घोळका. डोकं आणि मान लाल-तपकिरी असलेला एक बगळा मासे पकडताना दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात, पंख पसरून नाचतो. त्याला चुकवू नका.

नोव्हेंबर ते जानेवारीत या अभयारण्यात परवान्यावर बदकांची शिकार चालते. पहाटे बार ऐकू आला तर दचकू नका. डक स्टॅम्प मुळात शिकाऱ्यांसाठीच १९३४ साली निघाला, आणि त्यांच्याच पैशांतून पाणथळ जागा विकत घेतल्या गेल्या. मला हे पचायला वेळ लागला.

शेजारीच कॅनाव्हरल नॅशनल सीशोअर, २४ मैलांचा विनाइमारतीचा किनारा. त्याचं तिकीट वेगळं, आणि डक स्टॅम्प तिथे चालत नाही. रॉकेट उडायचं असेल त्या दिवशी तिथला प्लायालिंडा किनारा बंद असू शकतो. उड्डाणांचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा. हॉलओव्हर कालव्यावर मॅनटी बघायचा एक धक्का आहे. तिथे ऊबदार दिवशीही एखाद-दुसरा भेटतो.

अर्धा दिवस उरला तर दक्षिणेला सबॅस्टियनजवळ पेलिकन आयलंडला जा. टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी पक्ष्यांची कत्तल चालली होती, तेव्हा १४ मार्च १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे चिमुकलं बेट राखीव केलं. अमेरिकेतलं पहिलं नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज ते हेच. निरीक्षण मनोऱ्याकडे जाणाऱ्या लाकडी पायवाटेच्या फळ्यांवर देशभरच्या रेफ्यूजची नावं कोरली आहेत. वाचत चालायचं, म्हणजे चढ जाणवत नाही.

पश्चिमेचा खुंट: क्रिस्टल रिव्हर

१९८३ साली केवळ मॅनटींसाठी स्थापन झालेलं हे रेफ्यूज, देशात या हेतूने झालेलं एकमेव. इथे त्यांच्याबरोबर पाण्यात उतरता येतं. बोटी पहाटे सहा-सात वाजता सुटतात, आणि उशिराच्या फेऱ्या स्वस्त असल्या तरी घेऊ नका. दहानंतर बोटींची वर्दळ होते आणि तळ ढवळून पाणी गढूळ होतं.

पोहता येत नाही म्हणून मागे राहू नका. वेटसूट तुम्हाला तरंगत ठेवतो आणि काखेत धरायला फोमची नळी देतात. आधी नियमांचा व्हिडिओ दाखवतात तो नीट बघा: पाठलाग नाही, घेरायचं नाही, वरून सूर मारायचा नाही, हात लावायचा नाही, लाथा मारत पोहायचं नाही. पालथं पडून तरंगायचं, बस. वेटसूटची चेन पाठीवर येते. मी पहिल्यांदा ती पोटावर घेऊन वीस मिनिटं झगडलो, आणि बोटीवरच्या बाईंनी हसू दाबत मला पुन्हा सोलून काढलं. ७२ अंशांचं पाणी ऐकायला कोमट वाटतं, पण अर्ध्या तासात दात वाजतात. डोक्याची टोपीही मागून घ्या.

एक बारकी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. फार कडक थंडीत इथला थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज हा झरा मॅनटींनी इतका भरतो की पोहणाऱ्यांसाठी तो बंद करतात. तेव्हा बोटीपेक्षा काठावरची लाकडी पायवाट बरी. निळ्याशार पाण्यात एकाला एक चिकटून झोपलेले मॅनटी वरून जास्त चांगले दिसतात. मध्यम थंडी असेल तेव्हा पाण्यात उतरा. म्हणून दोन रात्री राहायचं.

आई-बाबांना पाण्यात उतरायचं नसेल तर सात-आठ मैलांवर होमोसासा स्प्रिंग्ज. मोठ्यांना १३ डॉलर. झऱ्याच्या मधोमध पाण्याखाली उतरवलेली एक खोली आहे, काचेबाहेर मासे आणि आत कोरडे आपण. जखमी मॅनटीही तिथे सांभाळतात. बाबा त्या काचेपुढून दीड तास हलले नाहीत.

सीडर की ते सुवानी

क्रिस्टल रिव्हरहून साठेक मैलांवर रस्ता समुद्रात संपतो, तिथे सीडर की. एकेकाळी इथल्या देवदारासारख्या सुवासिक लाकडाच्या फळ्या पेन्सिली बनवायला जात. झाडं संपली, गिरण्या संपल्या. आता गावकरी शिंपल्यांची शेती करतात. २०२३ चं इडालिया आणि २०२४ चं हेलेन अशा लागोपाठच्या चक्रीवादळांनी गावाला बेजार केलंय, त्यामुळे मुक्कामाची जागा फोन करून ठरवा.

जवळच लोअर सुवानी रेफ्यूजमध्ये शेल माउंड आहे, मूळ रहिवाशांनी शतकानुशतकं टाकलेल्या कालवांच्या शिंपल्यांची टेकडीच. ओहोटीला समोरच्या कालवांच्या पट्ट्यांवर लाल चोचीचे कालवफोडे रांगेत बसतात. कायाक घेणार असाल तर भरती-ओहोटीचं कोष्टक आणि वारा दोन्ही बघा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा पाणी किनाऱ्यापासून लोटत नेतो आणि ओहोटी कोष्टकापेक्षाही खाली जाते. आमची कायाक भर दुपारी चिखलात बसली. उतरून ढकलावी तर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. दोन तास शेंगदाणे खात पाण्याची वाट पाहिली. जाड तळाचे बूट घातलेले असावेत ते यासाठी.

पुढे चीफलंडजवळ मॅनटी स्प्रिंग्ज. झऱ्यापासून सुवानी नदीपर्यंत लाकडी पायवाट जाते. सायप्रसची झाडं पाण्यात उभी, आणि त्यांची मुळं गुडघ्यांसारखी वर आलेली. दोन तास पुरे.

जेवण, एकदाच

या पट्ट्यात शाकाहारी माणसाची परवड होते. हिरवी पालेभाजी म्हणून जे मिळतं त्यात बहुधा डुकराचं मांस शिजवलेलं असतं, चवळीतही. विचारल्याशिवाय खाऊ नका. लहान गावांतली हॉटेलं रात्री आठला बंद होतात. आम्ही छोटा विजेचा कुकर, मेतकूट, पोह्यांचं पाकीट आणि पहिल्या चार दिवसांचे धपाटे बरोबर ठेवतो. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ, सीडर कीचे शिंपले चाखाच.

वकुला आणि सेंट मार्क्स

चीफलंडहून वर शंभरावर मैल, दोन तास पाइनची झाडं. पेरी गावात पेट्रोल भरा, पुढे पंप विरळ.

वकुला स्प्रिंग्जला १९३७ सालचा जुना लॉज आहे. एक रात्र तिथेच राहा. बोटीची फेरी पाऊणेक तासाची. मगरी, कासवं, तिरंदाज इतक्या जवळ येतात की दुर्बीण उलट अडचण होते. इथे मिळालेला मॅस्टोडॉनचा, म्हणजे हिमयुगातल्या हत्तीसारख्या प्राण्याचा सांगाडा टॅलहासीच्या संग्रहालयात उभा आहे. सकाळची पहिली बोट धरा.

सेंट मार्क्स रेफ्यूज १९३१ चं. आत शिरल्यावर सातेक मैल रस्ता थेट दीपगृहापाशी, समुद्राच्या काठी संपतो. वाटेत दोन्ही बाजूंच्या तळ्यांवर थांबत थांबत जा, बांधांवरून चालता येतं. इथे ओहोटी साधा म्हणजे चिखलावर पाणलावे आणि चिखले उतरतात. संध्याकाळी दीपगृहामागे सूर्य खाली जातो तेव्हा खाजण तांबूस होतं आणि टक्कल गरुड सुक्या झाडांवर येऊन बसतात. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, हिशेब त्याप्रमाणे ठेवा.

गेन्सव्हिल: पेन्स प्रेअरी

परतीच्या वाटेवर अडीच तासांवर. ला चुआ पायवाटेवर थंडीच्या लाटेनंतरच्या पहिल्या उन्हाच्या दुपारी जा. रात्रभर गारठलेल्या ॲलिगेटर मगरी काठावर एकमेकींच्या अंगावर तंगड्या टाकून ऊन खात पडलेल्या असतात. निदान २० फूट लांब राहा, लहान मुलांचा हात धरा, खायला काही टाकू नका, कायद्यानेच बंदी आहे. त्यांच्या पलीकडे गवतात क्रौंच. उत्तरेतून हजारोंनी सँडहिल क्रौंच इथे हिवाळा काढायला येतात. दिसण्याआधी ऐकू येतात, लाकडी खुळखुळा लांबून वाजवल्यासारखे. रानटी घोडे आणि बायसन, म्हणजे अमेरिकी गवे, दिसले तर नशीब. आम्हाला बायसन तिसऱ्या खेपेला दिसला, तोही पाठीकडून.

मोकळा दिवस

गेन्सव्हिलहून ऑरलँडो दोन तास. आदल्या रात्री अंदाज बघा. रात्रीचा पारा चाळिशीखाली जाणार असेल तर पहाटे निघून ओकालाच्या जंगलातून जाणाऱ्या ४० नंबरच्या रस्त्याने थेट ब्लू स्प्रिंग, पुन्हा एकदा. ऊब असेल तर त्याच वाटेवर सिल्व्हर स्प्रिंग्जला थांबा. तिथे १८७० च्या दशकापासून काचेच्या तळाच्या बोटी चालतात. खाली वाळूतून पाणी उकळल्यासारखं उसळत असतं आणि बोटीची सावली तळावरून सरकत जाते. मधल्या बाकावर बसा, कडेच्या बाकांवरून काच अर्धीच दिसते.